पंचाला जाब विचारायचा हक्क कुणाला?

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर नांदेडचा पैलवान हरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत चहाच्या टपऱ्यांवर न्यायालये भरली. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाची अंतिम लढत होती. नांदेडकडून शिवराज राक्षे, पुण्याकडून पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी राक्षेला चितपट ठरवले. माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रीकरण पुन्हा बघा, असे राक्षेचे म्हणणे होते. ते ऐकले गेले नाही म्हणून त्याने पंचाची कॉलर धरली, पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी केसरीच्या अंतिम लढतीत सोलापूरच्या महेंद्र गायकवाडने गुणावरून वाद घातला आणि काही सेकंद उरलेले असताना मैदान सोडले. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

संघटनेच्या कामासाठी मी नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर अशी एसटीने महिन्यातून दोन-तीनदा ये-जा करते. त्या पंधरवड्यात गाडीत दुसरा विषय नव्हता. मोबाईलवर ती दहा-बारा सेकंदांची फीत थांबवून थांबवून बघितली जात होती. ‘डावा खांदा वर हाय बगा.’ ‘पंच आधीच ठरवून आलता.’ ‘गरिबाच्या पोराला न्याय नाही.’ राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरकडचा. पण स्पर्धेत नांदेडच्या नावाने उतरला, म्हणून तो ‘आपला’. असू द्या. तीस वर्षे इथल्या शेतात राबूनही जिचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही, त्या बाईला हे आपलेपण इतक्या सहज मिळत नाही, एवढेच जाता जाता नोंदवते.

स्त्रियांच्या अंकात कुस्ती कशाला, असे काही जणींना वाटेल. माझे म्हणणे असे आहे की त्या पंधरवड्यात आपल्या गावांतल्या पुरुषांनी न्याय म्हणजे काय ह्याची जी व्याख्या केली, ती फार चांगली होती. ती आपण लिहून ठेवली पाहिजे आणि त्यांच्यापुढे ठेवली पाहिजे.

आधी हे स्पष्ट करते की मी त्यांच्या रागाला हसत नाही. मराठवाड्यात कुस्ती हा चार रिकामटेकड्यांचा विरंगुळा नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूरला झालेल्या स्पर्धेत महाराष्ट्र केसरी झाले, १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. लातूरकडच्याच काका पवारांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्यात त्यांनी तालीम उभी केली आणि गावोगावची पोरे घडवली. २०२० साली बालेवाडीच्या अंतिम लढतीत लातूरचा शैलेश शेळके एका गुणाने हरला, ते दुःख लातूरकर अजून सांगतात. लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांच्या फडाला अजूनही तोबा गर्दी होते.

पैलवान घडवणे म्हणजे घर गहाण टाकणे. दूध, तूप, बदाम, तालमीचा खर्च. कोरडवाहू शेतीतून हे निघत नाही. कर्ज काढून निघते. पंचाच्या एका चुकीने ह्या सगळ्यावर पाणी फिरते, म्हणून माणूस चिडतो. हे मला समजते. त्या खुराकात बहिणीच्या वाट्याचे दूध असते आणि आईच्या मजुरीचे पैसे असतात हेही मला समजते. त्याचा उल्लेख मात्र कुठल्या सत्कारात ऐकला नाही.

तर ह्या चिडलेल्या पुरुषांनी मागितले काय?

पहिली मागणी अशी की ज्याच्या शरीरावर निर्णय झाला त्याचे म्हणणे आधी ऐका. खांदे त्याचे आहेत. टेकले की नाही हे त्याला ठाऊक. दुसरी, निर्णयाची फेरतपासणी झाली पाहिजे, आणि ती लगेच. तिसरी, पंच कुणाच्या मर्जीतला नसावा. चौथी, पंचाने निर्णयाचे कारण सांगावे. पाचवी, पंच चुकला असेल तर त्यालाही शिक्षा व्हावी.

ह्यात खोड काढण्यासारखे काय आहे? काहीच नाही. आणि गंमत पाहा, ह्यातले बरेचसे त्यांना मिळालेसुद्धा. चौकशी समिती नेमली गेली. थोड्याच दिवसांत पंचाचा निर्णय चुकला होता असा निष्कर्ष निघाला आणि मुख्य पंचालाही निलंबित केले गेले. पैलवानाने पंचाला लाथ मारलेली असूनही त्याचे मूळ गाऱ्हाणे कुणी फेकून दिले नाही. लाथ वेगळी, गाऱ्हाणे वेगळे, असा विवेक दाखवला गेला. हाच विवेक आपण बायांसाठी मागतो तेव्हा आपल्याला काय ऐकावे लागते ते आता बघू.

त्यासाठी दोन वर्षे मागे, २०२३ च्या जानेवारीत जाऊ. त्या वेळी स्पर्धा पुण्यात कोथरूडला होती. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड ह्यांची लढत झाली. ‘बाहेरची टांग’ ह्या डावाचे गायकवाडला चार गुण दिले गेले आणि त्यावरून महाराष्ट्रभर रान उठले. चार द्यायचे की दोन, पाठ टेकली की नुसती बगल टेकली, ह्यावर शाळामास्तरांपासून आमदारांपर्यंत सगळे बोलले. काहींनी त्याला धर्माचा रंग दिला. पंचाला फोनवरून धमकी आली, तक्रार पोलिसांत गेली. १४ जानेवारीला अंतिम लढत झाली. ती नांदेडकडून उतरलेल्या राक्षेने जिंकली. त्याला चांदीची गदा आणि थार गाडी मिळाली. नांदेडला पेढे वाटले गेले. त्या सोहळ्याला प्रमुख पाहुण्यांमध्ये होते भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह.

१८ जानेवारीला, म्हणजे बरोबर चार दिवसांनी, विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि इतर पैलवान दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसले. महासंघाचा अध्यक्ष महिला पैलवानांचा लैंगिक छळ करतो, असे त्यांनी उघडपणे सांगितले.

तारखा नीट लक्षात घ्या. आपल्याकडे सिकंदरच्या चार गुणांचा वाद ऐन रंगात होता. कुस्तीतला अन्याय हा विषय ज्या टपऱ्यांवर सकाळ-संध्याकाळ चघळला जात होता, त्याच टपऱ्यांवर ही बातमीही आली. त्या अध्यक्षाला चार दिवसांपूर्वी महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या आखाड्यात मान दिला गेला होता. आणि ह्या बातमीवर काय बोलणे झाले? ‘ह्यात राजकारण हाय.’ ‘हरयाणावाल्यांचा आपसातला झगडा हाय.’ ‘पुरावा काय?’ ‘इतकी वर्षं गप का बसल्या?’ नांदेड-लातूरच्या ज्या तालमी मला ठाऊक आहेत, त्यांच्यातून एक साधे निवेदन तहसीलदाराकडे गेलेले माझ्या पाहण्यात नाही. पुढे २३ एप्रिलला पैलवान पुन्हा जंतरमंतरवर बसले तेव्हा आम्ही काही जणी दोन-तीन तालमींत जाऊन वस्तादांशी बोललो. एका वस्तादाने बसायला सतरंजी दिली, चहा दिला आणि सांगितले, ‘ताई, तुमचं खरं असंल, पर आमाला वरच्यासंगं वाकडं घेऊन जमत नाही.’ निदान तो खरे बोलला.

आता त्यांच्याच पाच मागण्या ह्या मुलींना लावून बघा.

जिच्या शरीरावर घडले तिचे म्हणणे आधी ऐका. सात जणींनी पोलिसांत लेखी तक्रार दिली, त्यात एक अल्पवयीन होती. गुन्हा नोंदवून घ्यायला त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तेव्हा कुठे २८ एप्रिल २०२३ ला दिल्ली पोलिसांनी गुन्हे नोंदवले. फेरतपासणी लगेच झाली पाहिजे. सरकारने मेरी कोम हिच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल पूर्णपणे लोकांपुढे आलाच नाही. पंच कुणाच्या मर्जीतला नसावा. इथे तर ज्याच्यावर आरोप, तोच महासंघाचा प्रमुख. कुणी शिबिराला जायचे, कुणी परदेशी जायचे, हे ज्याच्या शब्दावर ठरते त्याच्याविरुद्ध दाद त्याच्याच दारात मागायची. कायद्याने जी अंतर्गत समिती असायला हवी, ती महासंघात रीतसर नव्हती, ही गोष्ट त्याच चौकशीतून बाहेर आली. राहिली कारणाची आणि शिक्षेची गोष्ट. २८ मे २०२३ ला, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, ह्या मुलींना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत नेले. त्यांनी कुणाची कॉलर धरली नव्हती, कुणाला लाथ मारली नव्हती. २१ डिसेंबर २०२३ ला महासंघाची निवडणूक झाली, ब्रिजभूषण ह्यांच्या जवळचा माणूस अध्यक्ष झाला, आणि ऑलिंपिक पदक आणणाऱ्या साक्षी मलिकने पत्रकारांपुढच्या टेबलावर आपले बूट ठेवून कुस्ती सोडली.

अल्पवयीन मुलीची तक्रार पुढे मागे घेतली गेली आणि ते प्रकरण २०२५ साली बंद झाले. बाकीच्या जणींच्या तक्रारीवर मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. ब्रिजभूषण ह्यांना आरोप मान्य नाहीत. खटल्याचा निकाल लावणे हे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. माझा प्रश्न न्यायालयाला नाहीच. माझा प्रश्न टपरीवरच्या न्यायालयाला आहे. राक्षेचे खांदे टेकले नाहीत हे तुम्ही दहा सेकंदांची धूसर फीत बघून शपथेवर सांगता. तो म्हणाला, तुम्ही विश्वास ठेवला. सात मुली आपापल्या शरीराबद्दल सही करून सांगतात तेव्हा तुम्हाला पुरावा आठवतो. हा फरक कशाचा आहे?

‘इतकी वर्षं गप का बसल्या?’ ह्या प्रश्नाचे तर उत्तर अहिल्यानगरच्या प्रकरणातच आहे. त्या वादात चंद्रहार पाटील हे जुने डबल महाराष्ट्र केसरी पुढे आले. २००९ च्या लढतीत पंचांनी आपल्यावर अन्याय केला असे त्यांनी सांगितले आणि आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली. २००९ चे गाऱ्हाणे २०२५ साली. मधली सोळा वर्षे कुठे होतात, असे त्यांना कुणी विचारल्याचे मी ऐकले नाही. विचारूही नये. अपमान माणसाच्या मनात सोळा वर्षे राहू शकतो, हे सगळ्यांना पटले. बोलायला धीर यावा लागतो, योग्य वेळ यावी लागते, हेही पटले. मग बाईच्या बाबतीत हे का पटत नाही? करिअर हातात असलेल्या माणसाविरुद्ध वीस वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात का गेली नाही, हा प्रश्न विचारताना चंद्रहार पाटलांची सोळा वर्षे आठवावीत.

ह्याच पाटलांनी, लाथ काय मारायची, पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या, अशा आशयाचे विधान केले. त्यावर टीका झाली. पण कौतुकही झाले. आणि राक्षेच्या लाथेबद्दल जे समर्थन मी ऐकले, ते शब्द माझ्या फार ओळखीचे आहेत. ‘रागाच्या भरात झालं.’ ‘कुणी डिवचलं तर माणूस काय करंल?’ ‘तिनंबी बोलायला नको होतं’ ऐवजी इथे ‘पंचानंबी तसं करायला नको होतं’. गेली कित्येक वर्षे मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बायांबरोबर मी ठाण्याच्या बाकावर बसते आहे. नवऱ्याच्या बाजूने आलेला प्रत्येक मामा, काका, पाटील हेच बोलतो. पुरुषाचा राग हा त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा धरला जातो, आणि बाईचा राग हा तिच्या वळणाचा दोष धरला जातो. पैलवानावर अन्याय झाला होता हे मान्य करूनही मी म्हणेन की लाथ चूक होती. अन्याय झालेला माणूस दुसऱ्याच्या अंगावर हात टाकायचा परवाना घेऊन येत नाही. ही गोष्ट आखाड्यात शिकवली गेली तर घरात कामाला येईल.

काही मित्र म्हणतील, आणि चळवळीतलेही म्हणतील, की ही तुलना ओढूनताणून केलेली आहे. पंचाची चूक ही खेळातली चूक. लैंगिक छळ हा गुन्हा. दोन्ही एका मापाने कसे मोजता? मी मोजत नाही. गुन्हा मोठा आहे, हेच तर माझे म्हणणे आहे. एका गुणासाठी जर एवढी यंत्रणा हलवता येते, चित्रीकरण, समिती, अहवाल, निलंबन हे सगळे थोड्या दिवसांत करता येते, तर मोठ्या गोष्टीसाठी ती का हलत नाही? यंत्रणा नाही, वेळ लागतो, पद्धत असते, ही कारणे आता कुणी सांगू नयेत.

दुसरा आक्षेप असा येईल की २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेशला शंभर ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून अंतिम लढतीतून बाद केले, तेव्हा सारा देश तिच्यासाठी पंचांवर आणि नियमांवर तुटून पडला नव्हता का? पडला होता. आमच्याकडेही लोक हळहळले, क्रीडा लवादाने तिचे अपील फेटाळले तेव्हा चिडले. पण ते चिडणे कशासाठी होते? देशाचे पदक गेले म्हणून. हीच विनेश वर्षभरापूर्वी पदकासाठी नव्हे, स्वतःच्या आणि सोबतिणींच्या सुरक्षिततेसाठी रस्त्यावर बसली होती, तेव्हा तिला नौटंकीवाली म्हणणारे ह्यांच्यातच होते. बाई देशाला काही मिळवून देत असेल तोवर तिच्यावरचा अन्याय दिसतो. ती स्वतःसाठी काही मागू लागली की दिसेनासा होतो.

आता थोडे आपल्या गावातल्या पंचांकडे वळू. आखाड्यात निकाल देणारा पंच, आणि गावात निवाडा करणारेही पंच. २००७ पासून सरकारने तंटामुक्त गाव मोहीम चालवली. समित्या झाल्या, गावांना बक्षिसे मिळाली. चांगली कामे झाली असतील. पण नवरा मारतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीचे प्रकरण समितीपुढे गेले की काय होते, ते आपल्या प्रत्येक गटाला माहीत आहे. ‘तंटा’ मिटवायचा असतो, म्हणून मुलीला परत पाठवायचे असते. तिथे चित्रीकरण नाही, अपील नाही, कारण लिहून द्यायचे नाही. जातपंचायतींची मनमानी इतकी वाढली की २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. २०१७ पासून तो लागू आहे. ह्या सगळ्या ठिकाणी बाईला एकच सांगितले जाते, ‘पंचांचा शब्द मोडू नये.’ तेच लोक वाडिया पार्कच्या पंचांचा शब्द मोडायला छाती पुढे काढून तयार होते. मग पंचांचा शब्द मोडू नये हा नियम पंचांचा नाही. तो फक्त आपल्यासाठी केलेला नियम आहे.

आणि मैत्रिणींनो, पंचांशी वाद घालणे हे आपल्याला नवीन नाही. आपली आजची चळवळ त्यातूनच उभी राहिली. विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा ह्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्यांचा तर्क. म्हणजे तिच्या शरीराबद्दल तिचा शब्द नाही, पंचांचा शब्द खरा. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार ह्या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शहराशहरांतून बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. देशाच्या सर्वांत वरच्या पंचांना जाब विचारला गेला, आणि तो कुणाला लाथ न मारता विचारला गेला. म्हणून कुस्तीच्या शौकिनांना मी सांगते की दाद कशी मागायची हे आमच्याकडून शिका.

अजून एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. मध्ये बासष्ट वर्षे गेली. अंतिम लढत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून जिंकली. आता प्रामाणिकपणे सांगा, त्या लढतीत कोणत्या डावाला किती गुण दिले, पंच बरोबर होता का, ह्यावर तुमच्या गावात कुठल्या टपरीवर वाद झाला? मी तरी ऐकला नाही. बायांच्या कुस्तीचे कौतुक होते, ‘पोरीबी कमी न्हाईत’ म्हणून टाळ्या पडतात. पण भांडण होत नाही. ज्या खेळाला लोक खरा मानतात त्याच्या निकालावर ते भांडतात. कौतुक हे पाहुण्याचे करतात. मुलींच्या कुस्तीचा निकाल चुकला तर गंजगोलाईत दोन माणसे हमरीतुमरीवर आली पाहिजेत. तेव्हा मी म्हणेन की मुली आखाड्यात आल्या.

आज आपल्या भागात मुली तालमीत जाऊ लागल्या आहेत. बाप हौसेने घेऊन जातो, आई धास्तावलेली असते. त्या आईची धास्ती खोटी नाही, आणि मुलीला घरी ठेवणे हा तिच्यावरचा इलाज नाही. इलाज कायद्यात आहे, तो वापरायचा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेऱ्यांना लागू आहे असा सर्वत्र समज आहे. तो चूक आहे. त्या कायद्यातल्या ‘कामाच्या ठिकाणा’च्या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा, सरावाची जागा, निवासी असो वा नसो, हे सगळे शब्दशः लिहिलेले आहे. तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असेही नाही. म्हणजे सराव करणारी मुलगी त्यात येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी; तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी. समिती केली नाही तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील, जशी बहुतेक तालमींत असतात, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची, कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा आहेच. तिथे गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया आणि सुरक्षित खेळाचे धोरण हवे, असे त्यात आहे. दिल्लीत चार स्त्रिया बसल्याने लोह्याच्या तालमीतली मुलगी आपोआप सुरक्षित होणार नाही, हे आपल्याला अनुभवाने कळते.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या गटांनी पुढच्या तीन महिन्यांत एवढे करावे असे मी सुचवते. दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत जाऊन स्थानिक समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक लेखी मागावेत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे विचारावे की जिल्हा क्रीडा संकुलात अंतर्गत समिती आहे का, आणि तिचा फलक कुठे लावला आहे. मुली जिथे सराव करतात त्या प्रत्येक तालमीत ही नावे मराठीत, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लागली पाहिजेत. माळेगावच्या यात्रेत कुस्तीच्या फडाशेजारी आपला फलक आणि आपले टेबल असावे. आणि प्रत्येक गटाने आपल्या गावच्या दोन वस्तादांना गाठून, ‘मुलीची तक्रार आली तर मी दाबणार नाही’ एवढे सहीनिशी लिहून घ्यावे. जे सही करतील त्यांची नावे पुढच्या अंकात कौतुकाने छापू. जे करणार नाहीत त्यांना पुन्हा भेटू.

आणि टपरीवरच्या माझ्या भावांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरात हा अंक येत असेल आणि बायकोच्या हातून वाचायला मिळालाच, तर एवढे ध्यानात घ्या. राक्षेसाठी तुम्ही जे पाच हक्क मागितलेत ते सगळे बरोबर होते. त्यातला एकही सोडू नका. ‘त्याच्या शरीराबद्दल त्याचे म्हणणे आधी ऐका’ हे तर तुम्ही लाखमोलाचे बोललात. फक्त तेवढ्यावर थांबू नका. पुढच्या वेळी तुमच्या तालमीतली, तुमच्या शाळेतली, तुमच्या घरातली मुलगी काही सांगू लागेल, तेव्हा ‘पुरावा काय’ म्हणण्याआधी तिला तेवढाच वेळ आणि तेवढाच विश्वास द्या, जेवढा तुम्ही त्या पैलवानाच्या डाव्या खांद्याला दिला होता.